पोळ्याला अडलेला बोल्ट

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लिलाबाईने ट्रॅक्टरला बैलासारखे जेवायचे आवतण दिले, तेव्हा कुठे गावाची खात्री पटली की ही बाई ऐकणार नाही. वाटीत हळद कालवलेले कोमट तूप आणि हातात पळसाचे पान घेऊन ती अंगणात आली. ट्रॅक्टरचा खांदा नेमका कुठे धरायचा, याचा तिने जरा विचार केला. मग बॉनेटच्या दोन्ही बाजूंना तूप चोळून, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." तिचा नवरा रामधन दारात उभा होता. हसावे की रडावे हे न कळल्यामुळे तो घरात निघून गेला.

किन्हीराजाच्या अलीकडच्या त्या गावात पोळ्याची एक रीत होती. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचे तोरण बांधायचे. एकेक जोडी त्याखालून पलीकडे जायची. सगळ्यात शेवटी मानाची जोडी यायची, आणि तिने शिंगांनी तोरण तोडले की पोळा फुटायचा. ज्याच्या बैलाने तोरण तोडले त्याचा वर्षभर गावात मान. हा मान पिढ्यान्‌पिढ्या जगदेवच्या घरात होता, आणि मानाच्या जोडीच्या अगदी पुढची जागा रामधनच्या घराची होती. रामधनच्या आज्याने ती मिळवली, बापाने राखली आणि रामधनने तिच्यासाठी काहीच केले नाही; पण जोडी चांगली होती, त्यामुळे जागा टिकली.

ती जोडी आता राहिली नव्हती. सरज्या म्हातारपणाने गेला. एकटा बांड्या कशाला जुपणार? तो कारंजाच्या बाजारात विकावा लागला. रामधनच्या घशाखाली कितीतरी दिवस धड घास उतरला नाही. शेवटी लिलाबाईनेच आसेगावहून एक जुना ट्रॅक्टर आणला आणि पडीक वावरात धडपडत, बांध फोडत, शेजाऱ्यांच्या शिव्या खात तो चालवायला शिकली. रामधन त्याच्या सीटवर कधी बसला नाही. तो चाकावरच्या पत्र्यावर बसायचा आणि वळण आले की सवयीने "होओ, होओ" म्हणायचा. ट्रॅक्टरही कधीकधी ऐकायचा.

मग पोळ्याची बैठक भरली आणि जगदेवने साळसूदपणे विषय काढला की रामधनकडे यंदा जोडी नाही, तेव्हा त्याची जागा आपल्या धाकट्या भावाला द्यावी. म्हणजे मानाची जागा याची आणि तिच्या पुढचीही याचीच. रामधन मान खाली घालून बसला होता. बायका बैठकीत बोलत नसत. लिलाबाई पाणी द्यायच्या निमित्ताने आली होती, ती कळशी खाली ठेवून उभी राहिली.

"बैल पोळ्याले काहून येते?" तिने विचारले. "वरसभर वावरात राबते म्हून. आमच्या वावरात आता कोन राबून राह्यलं? माहा ट्रॅक्टर. मंग पोळ्याले तोच येईन."

लोक हसले. जगदेव मात्र हसला नाही, कारण तो हुशार होता. बाईला नाही म्हटले तर ती दुप्पट भांडेल, हे त्याला ठाऊक होते. त्याने आनंदाने होकार दिला आणि तोरण बांधणाऱ्या शेषरावबुवांकडे वळला. शेषरावबुवा म्हणजे गावातले नेमाचे माणूस. त्यांना हसू येत नसे आणि रागही येत नसे, त्यांना फक्त नेम आठवत असत.

"बुवा, वयनी म्हनतात ट्रॅक्टर म्हंजे बैल," जगदेव म्हणाला. "आपली काही हरकत नाही. पन बैल म्हनला तं बैलाचे नेम लागतीन का नाही?"

बुवांनी विचार करून सांगितले की लागतील. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर औत चालत नाही. औत सोडून, न्हाऊ घालून, सजवून आणला तर ट्रॅक्टर तोरणाखालून जाईल. औत राहिले तर जाणार नाही, आणि जागा जगदेवच्या भावाची. एकदा मागे गेलेली जागा पुन्हा मिळत नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.

लिलाबाई लगेच हो म्हणाली. ट्रॅक्टरच्या मागे पेरणीपासून दातांचे औत, म्हणजे कल्टिव्हेटर, लावलेला होता, तो सोडायला असा काय वेळ लागतो? तिथेच फसली.

पोळ्याच्या सकाळी तिने पदर खोचला आणि कामाला लागली. कल्टिव्हेटर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी धरलेला असतो: खाली दोन हात आणि वर मधोमध एक दांडी. खालच्या दोन्ही पिना तिने बोलता बोलता काढल्या. वरच्या दांडीशी मात्र हत्ती गेला आणि शेपूट राहिले. तिथली पिन पेरणीच्या घाईत हरवली होती. तेव्हा रामधनने जुन्या बैलबंडीचा एक जाडजूड बोल्ट तिच्या जागी घातला होता, नट आवळला होता, आणि एवढ्यावर समाधान न झाल्याने बोल्टाचे टोक हातोडीने ठोकून चपटे केले होते. त्यानंतर सगळा पावसाळा त्या बोल्टाने अंगणात उभे राहून अंगावर घेतला होता.

"असा ठोकला काहून तुमी?"

"सुटू नाई म्हून."

"मंग आता?"

"आता नाई सुटत," रामधन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

लिलाबाईने पाना लावला आणि जोर केला. पाना सटकला, तिची बोटे कल्टिव्हेटरच्या लोखंडावर आपटली आणि बोल्टाचा एक कोपरा गेला. तिने बोटे तोंडात घालून पुन्हा पाना लावला. दुसरा कोपरा गेला. मग तिने पान्याच्या दांड्यात पाण्याचा पाइप अडकवून जोर वाढवला, त्यासरशी उरलेले कोपरेही गेले. तोवर कुंपणापाशी माणसे जमली होती. आपापले बैल धुवायचे सोडून ती उंटावरून शेळ्या हाकू लागली. कुणी म्हणाले रॉकेल टाका, कुणी म्हणाले उलटा फिरवा, एकाने तर बोल्टाला शांतपणे समजावून घ्या असे सुचवले. लिलाबाईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिने बोल्ट सुटायला हरकत नव्हती.

शेवटी तिने किन्हीराजाच्या स्टँडवरच्या एजाज मिस्त्रीला फोन लावला. सणाचा दिवस होता, एजाज टाळाटाळ करू लागला. तू आला नाहीस तर मीच औत रस्त्याने फरफटत तुझ्या दुकानापुढे आणते, असे तिने सांगितले. तो मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून लगेच आला. आल्यावर वाकून बराच वेळ बोल्टाकडे पाहत राहिला.

"काकू, हा बोल्ट नाही राह्यला," तो म्हणाला. "याचं गोल बोर झालं. ठोकला कोनं?"

रामधन आभाळाकडे पाहू लागला. एजाजने पुढे काही विचारले नाही. त्याने छन्नी काढली, नटाच्या कडेला टेकवली आणि हातोडीचा पहिला घाव घातला. तो सणसणीत आवाज गल्लीत घुमला, आणि जणू त्याचीच वाट पाहत असल्यासारखा जगदेव कोपऱ्यावरून आला. अंगात पांढरेशुभ्र कपडे आणि सोबत शेषरावबुवा.

"एजाजभाई, थांबा," जगदेव म्हणाला. "काय करून राह्यले?"

"बोल्ट खोलून राह्यलो."

"बुवा, पोळ्याच्या दिवशी बैलाले मारते काय कोनी?"

बुवांनी डोळे मिटले. पोळ्याला बैलावर चाबूक सोडाच, हातही उगारायचा नसतो. हातोडी तर दूरच राहिली. "नाई चालत," ते म्हणाले.

लिलाबाई संतापली. लोखंडाला कसली हातोडी लागते, असे ती म्हणणार होती. पण लोखंड असे एकदा तोंडातून गेले की संपलेच, हे तिच्या वेळेवर ध्यानात आले. जगदेवही तेवढ्याचीच वाट पाहत होता. तिने ओठ घट्ट मिटले आणि एजाजला दुसरा इलाज विचारला. एजाज म्हणाला, या बोल्टाच्या डोक्यावर नवा नट वेल्डिंग करू, मग पाना बसेल.

"म्हंजे बैलाले डाग देता," जगदेव म्हणाला. "आजच्या दिवशी."

बुवांनी नुसतीच मान हलवली. एजाजने वेल्डिंगचा विचार सोडला आणि पिशवीतून कटर काढला. कडेने बोल्टच कापून टाकतो, दोन मिनिटांचे काम आहे, असे तो म्हणाला. मग त्याने हातातल्या कटरकडे पाहिले. कुंपणापाशी जमलेल्या माणसांकडे पाहिले. बॉनेटवर वाळलेल्या हळद-तुपाकडे पाहिले. आणि त्याने कटर गुपचूप पुन्हा पिशवीत ठेवून वरून गाठ मारली.

"काकू, हात जोडतो," तो हळूच म्हणाला. "तुमी याले बैल म्हनता, सगळं गाव बैल म्हनते, अन् कापाले मले सांगता. मले घरी बायको हाये."

 कुंपणापाशी कुणीतरी खोकले आणि विषय तिथेच संपला.

"बरं बुवा," लिलाबाई म्हणाली, "काय नाई चालत ते समजलं. आता चालते काय ते सांगा."

बुवांनी सांगितले: गरम पाण्याने न्हाऊ घालता येते, तूप-हळद लावून अंग चोळता येते, गोडधोड खाऊ घालता येते, आणि प्रेमाने बोलता येते. एवढे सांगून ते तोरण बांधायला गेले. जगदेवही बैलांना झूल घालायला गेला, पण जाताना आपल्या माणसांना कुंपणापाशी ठेवून गेला.

मग लिलाबाईने बोल्टाला न्हाऊ घातले. चुलीवर उकळी फुटलेले पाणी आणून ती त्याच्यावर ओतत राहिली. एजाज म्हणाला, हे काही वाईट नाही, गरमीने लोखंड ढिले पडते, आता तेल मुरवा. तेलाला नेमात जागा नव्हती म्हणून तूप आले. पुरणपोळीवर घ्यायचे सगळे तूप बोल्टावर जात असलेले पाहून रामधनचा जीव तीळतीळ तुटला, पण बोल्ट ठोकणाराच तो असल्यामुळे त्याला बोलायला तोंड नव्हते. तूप मुरायला म्हणून सगळे सावलीत बसले, तेवढ्यात गल्लीतले कुत्रे आले आणि बोल्ट चाटूनपुसून स्वच्छ करून गेले. पुन्हा तूप आले. या वेळी रामधनला काठी देऊन राखणीला बसवले. काठी कुत्र्यासाठी आहे, बैलासाठी नाही, हे त्याला कुंपणापाशी उभ्या माणसांना दोनदा सांगावे लागले.

तूप मुरल्यावर एजाजने बोल्टाभोवती फडके गुंडाळले आणि त्यावर पाइप पाना लावला. पाना बैलाचे अंग चोळतो एवढेच, असे लिलाबाईने कुंपणाकडे पाहून जाहीर केले. दोघांनी मिळून दांड्यावर सगळा भार टाकला. बोल्टातून एक बारीक करकर आली. "सुटून राह्यला," एजाज म्हणाला, आणि पाना सटकून दोघेही चिखलात बसले. करकर फडके फाटल्याची होती. बोल्ट जागचा हललाही नव्हता.

देवळाकडून डफड्याचा आवाज येऊ लागला. बैल निघाले होते. एजाजने चिखल पुसत हत्यारे आवरली आणि खाली मान घालून सांगितले की, काकू, हातोडीशिवाय हा बोल्ट सुटणार नाही. कुंपणापाशी राखणीला ठेवलेली माणसे एकमेकांकडे पाहून हसली आणि ही बातमी सांगायला पळाली.

"जाऊ दे," रामधन म्हणाला. "जागा गेली तं गेली. त्यात काय हाये?"

लिलाबाई ओट्यावर बसली. इतका वेळ ती भांडत होती तोवर बरे होते. आता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. "बांड्याले मीच विकलं," ती म्हणाली. "तुमी तं बाजारातबी आले नाई. दावं त्या मानसाच्या हातात देल्लं तं बांड्यानं मांगं वळून पाह्यलं. आता ही जागाबी मीच घालवली म्हंजे तुमच्या बैलायचं काहीच नाई राह्यलं या घरात."

रामधनला बायकोच्या रडण्याची सवय नव्हती. तिच्या भांडण्याची होती. तो काही वेळ काठी हातात धरून उभा राहिला, मग ती टाकून घरात गेला. माळ्यावरून त्याने गाठोडे खाली काढले. त्यात सरज्या-बांड्याच्या झुली होत्या, बाशिंगे होती, घुंगरांच्या माळा होत्या. एक बाशिंग त्याने ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्यांवर बांधले. एक झूल बॉनेटवर टाकली. मग मागे जाऊन दुसरी झूल त्याने कल्टिव्हेटरवर अंथरली, घुंगरे त्याच्या दातांना बांधली, आणि एक उंच बांबू घेऊन, त्याच्या टोकाला मोरपिसे आणि पळसाची फांदी लावून, तो मधोमध उभा बांधून टाकला.

"औताले कायले सजवता?" लिलाबाईने विचारले.

"ते आपल्यासंग येऊनच राह्यलं," रामधन म्हणाला. "तं उघडंबोडकं काहून न्यायचं? अन् मी पाह्यतो कोन अडवते तं."

लग्न झाल्यापासून हे वाक्य लिलाबाईने त्याच्या तोंडून ऐकलेले नव्हते. तिने डोळे पुसले, खालच्या दोन्ही पिना पुन्हा घातल्या आणि सीटवर चढली. रामधन पत्र्यावर बसला. ट्रॅक्टर सुरू झाला, लिफ्टने औत वर उचलले आणि घुंगरे वाजवत ती वरात देवळाकडे निघाली. एजाज घरी जाणार होता, तो मोटरसायकल वळवून मागोमाग आला. सकाळपासून फुकट गेलेल्या कामाचा शेवट तरी पाहावा, असे त्याला वाटले.

देवळापुढे बाकी सगळ्या जोड्या तोरणाखालून पलीकडे गेल्या होत्या. अलीकडे दोनच राहिल्या होत्या: मागे जगदेवची मानाची जोडी. तिच्या पुढे धाकट्या भावाची जोडी अगदी तयारीत उभी होती. ट्रॅक्टर येताच दोन्ही जोड्या बुजल्या आणि बाजूला सरल्या. जगदेव दोन्ही हात पसरून मधे आला.

"वयनी, औत हाये," तो म्हणाला. "नेम म्हंजे नेम. मांगं घ्या."

"बुवा," लिलाबाई सीटवरूनच म्हणाली, "बैल जुपला कधी म्हनाचा? अंगावर वझं असलं तं, का मातीत राबला तं?"

बुवा विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता.

"वझं असलं म्हून जुपला होत असन," लिलाबाई पुढे म्हणाली, "तं जगदेवभाऊच्या बैलायकडं पाहा. घुंगरं, झूल, साखळ्या, माह्या औतापेक्षा जड हाये. अन् माह्यं औत तं मातीले लागूनबी नाई राह्यलं. पाहा, वरतं हाये."

सगळ्यांनी वाकून पाहिले. औत खरोखरच अधांतरी होते. बुवांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि निकाल दिला: औताचा दात मातीला लागला तर बैल जुपला. नाही लागला तर ते अंगावरचे लेणे. जाऊ द्या. जगदेवच्या भावाने जोडी बाजूला घेतली. जगदेव मात्र हार मानणारा नव्हता. देवळापुढची माती बैलांच्या खुरांनी तुडवून उंचसखल झाली होती, आणि तोरणाच्या अगदी अलीकडे चिखलाचा एक चांगला उंचवटा तयार झाला होता. तिथे दात नक्की लागणार, हे त्याने हेरले. तो आपली जोडी दुसऱ्याच्या हातात देऊन ट्रॅक्टरच्या मागे आला आणि पांढऱ्या कपड्यांची पर्वा न करता ओणवा होऊन औताच्या दातांकडे पाहत चालू लागला.

ट्रॅक्टर हळूहळू पुढे गेला. पुढची चाके उंचवट्यावर चढली, उतरली. लिलाबाई तोरणाखालून गेली, आंब्याची पाने तिच्या पदराला घासली. मग मागची चाके उंचवट्यावरून उतरली आणि औत खाली झुकले.

"लागून राह्यलं," जगदेव चिखलातून ओरडला. "बुवा, बोटभर राह्यलं. लागते पाहा आता."

लिलाबाईने लिफ्टचा दांडा ओढला. औत आणखी वर गेले. जगदेव अजून लागेल, लागेल म्हणतच होता, म्हणून तिने दांडा ओढायचा तेवढा ओढला. औत वर गेले तशी झूल वर गेली, घुंगरे वर गेली, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध उभा बांधलेला बांबूही वर गेला. त्याच्या टोकाची पळसाची फांदी तोरणाच्या दोरीत बरोबर जाऊन बसली.

ट्रॅक्टर अडल्यासारखा झाला. लिलाबाईला मागचे दिसत नव्हते. डफड्याच्या आवाजात ती ओरडून नवऱ्याला म्हणाली, "काय झालं मांगं?"

रामधन पत्र्यावर बसून सगळे पाहत होता. दोरी ताणली गेली होती, तोरणाचे दोन्ही खांब आत झुकले होते. होओ म्हणायची हीच वेळ होती. रामधनने एकदा तोरणाकडे पाहिले, एकदा खाली ओणव्या जगदेवकडे पाहिले.

"काही नाई," तो म्हणाला. "चाल पुढं."

लिलाबाई पुढे गेली. दोरी तुटली. आंब्याची पाने, झेंडू आणि तोरणाच्या माळा ट्रॅक्टरवर, लिलाबाईवर आणि थोड्या जगदेववर पडल्या. डफडी वाजवणाऱ्यांना बाकीचे काही माहीत नव्हते, तोरण तुटले एवढे त्यांनी पाहिले, आणि त्यांनी पोळा फुटल्याचा ठेका धरला. पलीकडचे बैल उधळले, लोकांनी आरोळ्या ठोकल्या, आणि मानाची जोडी तोरण तोडायची वाट पाहत अलीकडेच राहून गेली.

जगदेव चिखलाने भरलेला उभा राहिला. त्याने ओरडून ओरडून सांगितले की हे तोडणे धरता येणार नाही, ही मशीन आहे, लोखंड आहे, लोखंडाने तोडलेले तोरण म्हणजे तोरण तोडणे नव्हे. लोक त्याच्याकडे न पाहता शेषरावबुवांकडे पाहू लागले. बुवा तुटलेली दोरी हातात घेऊन तिची दोन्ही टोके तपासत होते.

"जगदेव," ते म्हणाले, "सकाळपासून तूच त्याले बैल म्हनून राह्यला. तुह्या बोलन्यावर मी हातोडी थांबवली. आता तोरन तुटल्यावर ते लोखंड कसं होईन?"

जगदेवने अंगावरची आंब्याची पाने झटकली. बुवांना मात्र नेम आठवायला लागले की ते थांबत नसत. ज्याच्या घरातून मान जातो, त्या घरधन्याने नव्या मानाच्या बैलाचे पाय धुवायचे, असाही एक नेम आहे, असे त्यांनी सांगितले. तो वापरायची वेळ त्यांच्या हयातीत आली नव्हती, पण आहे. जगदेवलाही तो माहीत असावा, कारण त्याने माहीत नसल्याचे सोंग केले नाही. कुणीतरी देवळातून पाण्याने भरलेली बादली आणि लोटा आणून त्याच्यापुढे ठेवला.

जगदेवने पुढचे एक चाक धुतले, मग दुसरे धुतले. आधीच चिखलाने भरल्यामुळे त्याच्या कपड्यांचे वेगळे काही बिघडणार नव्हते. मागच्या चाकांकडे गेल्यावर ती केवढी मोठी आहेत हे त्याच्या ध्यानात आले. तिथेच त्याच्या डोळ्यांसमोर तो बोल्ट आला, तुपाने माखलेला, बोरासारखा गोल, जागच्या जागी. जगदेव बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. पुढच्या वर्षी हे औत असेच मागे राहिले तर तोरण पुन्हा कोण तोडेल, ते त्याला स्पष्ट दिसले.

"वयनी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या सकाळीच हा बोल्ट मी खोलून देतो. माह्या घरी मोठा घन हाये. दोन ठोक्यात निघते."

लिलाबाईच्या केसांत अजून आंब्याची पाने होती. ती सीटवरून उतरली नाही, नुसती मागे वळली.

"बोल्टाचं माह्यं मी पाहीन, जगदेवभाऊ," ती म्हणाली. "तुमी मांगचं चाक धुवा."